व्यसनी माणसाच्या घरच्यांनी नेमके काय करावे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

व्यसनाविषयी जे काही छापून येते, ते बहुतांशी व्यसनी माणसाला उद्देशून लिहिलेले असते. त्याने काय सोडावे, का सोडावे, मनाचा निग्रह कसा करावा, हे सगळे त्याला सांगून होते. पण त्याच छपराखाली राहणारी बायको, आई, नवरा, भाऊ किंवा जाणती झालेली मुलगी यांनी उद्या सकाळी उठून नेमके काय करावे, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. बोललेच तर दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, प्रेमाने समजवा, आज ना उद्या ऐकेल. दुसरा म्हणतो, घराबाहेर काढा, चटके बसले की आपोआप ताळ्यावर येईल. व्यसनमुक्ती उपचारांसाठी दाखल झालेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांच्या सभा घेणे हे माझे काम आहे आणि तिथे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे दोन्ही उपाय करून, दमून, अर्ध्यावर सोडून दिलेले असतात. घरच्यांची माया कमी पडते असे मला सहसा दिसत नाही. ती कुठे वळवायची हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. कुटुंबाचा आधार हा उपचाराचाच एक भाग आहे आणि तो शिकून घ्यावा लागतो, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे. पत्र लांबले तर कृपया सांभाळून घ्यावे.

सभेला पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: नोकरी गेली, तब्येत गेली, मुले बोलेनाशी झाली, हे सगळे डोळ्यांसमोर घडत असताना हा सोडत का नाही? या प्रश्नामागे राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला व्यसन म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर चाललेली मौज वाटते. वस्तुस्थिती अशी, की व्यसन जडले म्हणण्याची वेळ येते तोवर त्यातली मौज केव्हाच संपलेली असते. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या संशोधकांनी १९५४ साली उंदरांच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागात बारीक तार बसवून दाखवले, की दांडी दाबल्यावर त्या भागाला विजेचा सौम्य झटका मिळत असेल, तर उंदीर ती दांडी तासन्‌तास दाबत राहतात. मेंदूतल्या या यंत्रणेत डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा आहे हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. जगण्यासाठी आवश्यक असलेल्या गोष्टी लक्षात राहाव्यात आणि पुन्हा कराव्याशा वाटाव्यात, हे तिचे मूळ काम. दारू, अफूपासून बनणारे पदार्थ, कोकेन, तंबाखूतले निकोटिन हे सगळे वेगवेगळ्या वाटांनी तिथेच पोहोचतात आणि तिच्यावर असा मारा करतात, की कालांतराने मेंदू त्याला सरावतो. मग पूर्वीच्या मात्रेने काही होत नाही, मात्रा वाढवावी लागते, आणि साध्या गोष्टींतला आनंद फिका पडत जातो.

घरच्यांनी समजून घ्यावी अशी खरी गोष्ट याच्या पुढची आहे. काही काळाने डोपामिनची उसळी प्रत्यक्ष पदार्थ घेण्याआधीच, त्याची चाहूल देणाऱ्या खुणांनी येऊ लागते. पगाराचा दिवस, जुन्या मित्राचा फोन, संध्याकाळची ठरावीक वेळ, रिकामे घर, नुकतेच झालेले भांडण, यांपैकी काहीही पुरते. माणसाच्या मनात विचार यायच्या आत तलफ उठलेली असते. त्याच वेळी कपाळामागचा जो भाग ‘थांब’ म्हणतो, परिणामांचा हिशेब मांडतो, त्याची पकड दीर्घकाळच्या सेवनाने ढिली पडलेली असते. म्हणूनच सकाळी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खरी असते आणि संध्याकाळी ती मोडते हेही खरे असते. त्याने आपल्याला फसवले असे घरच्यांना वाटते. पुष्कळदा सकाळी तो मनापासूनच बोलत होता.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत व्यसनाची ११ लक्षणे दिलेली आहेत. वर्षभरात त्यांपैकी दोन आढळली तर सौम्य आजार आणि सहा किंवा अधिक आढळली तर तीव्र आजार समजतात. या यादीत ‘इतके पेग म्हणजे व्यसन’ असा आकडा नाही. ठरवल्यापेक्षा जास्त घेतले जाणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, तलफ येणे, कामात आणि नात्यांत नुकसान होऊनही सेवन चालू राहणे, न घेतल्यास शरीराला त्रास होणे, अशा गोष्टी तिथे पाहिल्या जातात. ‘आमचा रोज पीत नाही हो’ किंवा ‘हा फक्त चांगलीच घेतो’ या वाक्यांचा निदानाशी संबंध नसतो. त्याच पुस्तिकेत जुगारालाही मादक पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात जागा मिळाली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण मोबाइलवर पैजा लावणाऱ्याच्या तोंडाला वास येत नाही आणि घराला पत्ता लागतो तो कर्जवसुलीचा फोन आल्यावर.

आजार म्हटले की काही घरांत लगेच दुसरे टोक गाठले जाते. ‘आजारच आहे, त्याचा काय दोष’ म्हणून सगळे खपवून घेतले जाते. आजार होणे माणसाच्या हातात नसले तरी उपचार घेणे ही त्याची जबाबदारी असतेच. शिवाय मेंदू म्हणजे सगळे काही नव्हे. व्यसन जडण्याच्या शक्यतेत साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो असे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. उरलेल्यात वय, मनावरचे घाव, नैराश्यासारखे सोबतचे आजार आणि भोवतालची परिस्थिती येते. परिस्थितीचा जोर किती, याचे एक ठळक उदाहरण ली रॉबिन्स या संशोधिकेने नोंदवले आहे. १९७१ साली व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास एक पंचमांश जण तिथे हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेल्याचे सांगत होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. माणसे, जागा, दिनक्रम, सगळेच बदलले होते. आपल्या घरातल्या माणसाला आपण दुसऱ्या देशात नेऊ शकत नाही. पण त्याच्या भोवतालचा एक मोठा तुकडा म्हणजे आपण स्वतः, आणि तेवढा मात्र बदलता येतो.

तो कसा बदलायचा? सुरुवात झाकाझाकीपासून करावी लागते. एक प्रसंग इतक्या घरांत घडतो की तो कुणा एकाचा म्हणता येत नाही. सकाळचे नऊ वाजलेले असतात, नवरा उठण्याच्या अवस्थेत नसतो, आणि बायको त्याच्या साहेबांना फोन करून ‘रात्रीपासून ताप आहे’ असे सांगते. आवाज सहज ठेवण्याची तिला सवय झालेली असते. मग ती रात्रीची उलटी पुसते, त्याला स्वच्छ कपडे घालते आणि मुलांना ‘बाबांना बरे नाही’ म्हणून सांगते. दुपारी तो उठतो तेव्हा खोली आवरलेली, नोकरी शाबूत आणि मुले शाळेत. काल रात्री काय झाले याचा एकही पुरावा त्याच्यासमोर शिल्लक नसतो. बायको दिवसभर आतल्या आत जळत असते आणि संध्याकाळी सगळे एकदम बाहेर पडते, तेव्हा त्याला तो निव्वळ कटकटेपणा वाटतो. यात तिला दोष देण्याचा माझा हेतू मुळीच नाही. पगार थांबला तर चूल कशी पेटणार, ही तिची भीती खरी आहे. पण व्यसनाचे परिणाम व्यसनी माणसापर्यंत पोहोचूच दिले नाहीत तर ते सोडण्याचे कारण त्याला कुठून मिळणार? जुगाऱ्याचे कर्ज फेडणारे वडील हेच करतात. ‘हे शेवटचे’ म्हणून ते ठेव मोडतात, आणि मुलाच्या मनात नोंद होते ती एवढीच, की कितीही बुडालो तरी वर काढणारा कोणी आहे.

परिणाम भोगू देणे आणि शिक्षा देणे यांत मात्र फरक आहे, आणि तोच बऱ्याचदा सुटतो. तो नशेत फरशीवर झोपला असेल तर त्याला उचलून गादीवर न नेणे हे परिणाम भोगू देणे झाले. सकाळी चार नातेवाइकांना बोलावून त्याची शोभा करणे ही शिक्षा झाली. (पडून मार लागला असेल, हाका मारून तो उठत नसेल किंवा श्वास मंदावला असेल, तर हा प्रश्नच उरत नाही, त्याला कुशीवर वळवून ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवावी.) शिक्षेने लाज वाढते, आणि लाज विसरण्याचे त्याला माहीत असलेले औषध एकच असते. सतत टीका होणाऱ्या घरात परतलेले दारूचे रुग्ण लवकर घसरतात असे अभ्यासांतूनही दिसले आहे.

या दोन टोकांमधला रस्ता शिकवणारी एक पद्धत रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विकसित केली. ‘कम्युनिटी रिइन्फोर्समेंट अँड फॅमिली ट्रेनिंग’ असे तिचे लांबलचक नाव आहे, संक्षेपाने ‘क्राफ्ट’. उपचाराला तयार नसलेल्या माणसाला बाजूला ठेवून ती आधी त्याच्या घरच्यांनाच शिकवते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारूची समस्या असलेल्यांच्या १३० कुटुंबीयांची तीन गटांत विभागणी केली होती. क्राफ्ट शिकलेल्या गटातील ६४ टक्के कुटुंबीयांचा माणूस उपचारापर्यंत पोहोचला. सगळ्यांनी एकत्र बसून त्याला खडसावण्याची तयारी करून घेतलेल्या गटात हे प्रमाण ३० टक्के होते आणि कुटुंबीयांच्या स्वमदत गटांकडे वळवलेल्यांमध्ये १३ टक्के. स्वमदत गटांवर अन्याय नको म्हणून हेही सांगायला हवे, की दुसऱ्याला उपचारापर्यंत नेणे हा त्यांचा उद्देशच नसतो. खडसावण्याच्या सभेबद्दलची गंमत अशी, की बहुतेक घरांनी ती शेवटपर्यंत नेलीच नाही. चित्रपटात ती छान दिसते, पण घरात आयत्या वेळी कोणाचा ना कोणाचा धीर सुटतो.

क्राफ्टमध्ये शिकवतात त्या गोष्टी ऐकायला साध्या आहेत आणि करायला अवघड. पहिली म्हणजे पाहणे: तो कधी, कुठे, कोणासोबत, कशानंतर पितो, याची काही आठवडे शांतपणे नोंद ठेवणे. दुसरी, तो शुद्धीत असतो ते तास सुखाचे करणे. हे घरच्यांना उलटे वाटते, कारण आपण नेमके त्याच वेळी कालचा हिशेब मागायला बसतो, आणि तो नशेत असला की भांडण नको म्हणून त्याला जपतो. शुद्धीतला माणूस बोलणी खातो आणि नशेतल्याची उठबस होते, असा हा उफराटा व्यवहार वर्षानुवर्षे चालतो. तो उलटवायचा. तो न पिता घरी आला तर त्याच्याशेजारी बसायचे, त्याला आवडेल असे काही एकत्र करायचे, आणि ‘आज तू असा घरी आहेस, बरे वाटते’ एवढे म्हणायचे. पिऊन आला तर न रागावता, न बोलता, आपण दुसऱ्या खोलीत जायचे. तिसरी गोष्ट म्हणजे बोलण्याची वेळ आणि रीत. नशेतल्या माणसाशी व्यसनावर चर्चा करणे म्हणजे रागाला आमंत्रण. त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होत असतो, एखाद्या आजारपणाने किंवा नुकसानीने तो हादरलेला असतो, तेव्हा दार किंचित उघडलेले असते, आणि त्या वेळी उपचाराचे ठिकाण, डॉक्टरांची वेळ, सोबत कोण येणार, हे सगळे आधीच ठरवून ठेवलेले असावे लागते. ‘बघू या पुढच्या आठवड्यात’ म्हटले की ते दार बंद होते.

रीतीचा एक नमुना देते. ‘तुला आमची काही पडलेली नाही, तू कधी सुधारणारच नाहीस’ या वाक्याला उत्तर म्हणून फक्त भांडण मिळू शकते. त्याऐवजी ‘काल तू म्हणालास की आठला येशील. साडेदहापर्यंत धाकटी दाराशी बसून होती. मला फार भीती वाटली. तू डॉक्टरांना भेटायला तयार असशील तर मी सोबत येईन’ असे म्हटले, तर त्यात नाकारता येण्यासारखे काही नसते. एकच प्रसंग, आपल्यावर झालेला परिणाम, आणि करता येण्याजोगी एक गोष्ट. पहिल्यांदा तो उठून निघून जाईल. तिसऱ्या-चौथ्यांदा कदाचित ऐकेल.

शपथा घेववणे आणि पहारा ठेवणे या दोन जुन्या सवयी मात्र घरच्यांनी सोडाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. खिसे चाचपणे, तोंडाचा वास घेणे, मोबाइल तपासणे यांतून लपवण्याचे कौशल्य तेवढे वाढते. आणि मोडलेली प्रत्येक शपथ ‘माझ्याच्याने होणार नाही’ हा त्याचा समज पक्का करते.

इथे संपादकांना एक विनंती करायची आहे. ‘रुग्णाच्या नकळत व्यसन सोडवा’ अशा छोट्या जाहिराती वृत्तपत्रांतून सर्रास दिसतात. या पुड्यांत काय असते हे जाहिरातीत लिहिलेले नसते. काही घरांत डायसल्फिरम हे औषध न सांगता पोटात दिले जाते. १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी दारूच्या उपचारासाठी पुढे आणलेले हे औषध रुग्णाच्या पूर्ण संमतीने, तपासण्या करून, देखरेखीखाली घेतले तर उपयोगी आहे. ते पोटात असताना दारू घेतल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, आणि हृदयविकार असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. ज्याला आपल्या पोटात औषध आहे हेच ठाऊक नाही, तो दारू टाळणार कसा? शिवाय हे उघडकीस आले की उरलासुरला विश्वासही जातो, आणि मग तो खऱ्या डॉक्टरांची गोळीही तोंडात घेत नाही. अशा जाहिराती आपण स्वीकारू नयेत.

दुसरा तितकाच धोकादायक प्रकार म्हणजे घरात कोंडून दारू ‘तोडणे’. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की काही तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप जाते; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, नाडी पळू लागते. या अवस्थेला वैद्यकात डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात मृत्यू येऊ शकतो. ‘वेड लागले’ किंवा ‘नाटक करतोय’ असे समजून घरचे वाट पाहतात, आणि मोलाचे तास हातचे जातात. झोपेच्या गोळ्यांपैकी काही प्रकारांची सवय अचानक तोडणेही असेच घातक ठरते. शरीरातून नशा उतरवण्याचा हा पहिला टप्पा डॉक्टरांच्या हाताखालीच व्हायला हवा, आणि त्यात ‘ब१’ जीवनसत्त्वासारख्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीलाही महत्त्व असते, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

उपचार केंद्रातून घरी आल्यावरचा काळ हा सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित. घरच्यांची अपेक्षा असते की आता जुना माणूस परत मिळेल. येतो तो चिडका, झोप न लागणारा, कशातच रस नसलेला माणूस. ‘सोडलीस ना, मग आता तोंड का पाडून बसतोस?’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकले असेल! सरावलेल्या मेंदूला पूर्वपदावर यायला वेळ लागतो. काही उत्तेजक पदार्थांच्या बाबतीत डोपामिन यंत्रणेत ठळक सुधारणा दिसायला वर्ष-सव्वा वर्ष लागल्याचे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले आहे. या महिन्यांत फार मोठ्या गप्पांपेक्षा जेवणाझोपेच्या ठरलेल्या वेळा, फॉलोअपच्या तारखा, स्वमदत गटाच्या सभेला जाण्याची मोकळीक आणि रिकाम्या संध्याकाळी भरून काढणारे काहीतरी काम, हेच उपयोगी पडते. घरात दारूची बाटली ‘पाहुण्यांसाठी’ ठेवलेली असेल तर ती हलवावी; हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

आणखी एक गाठ या काळात बसते, ती अधिकाराची. तो पीत असताना बायकोने घर चालवायला घेतलेले असते, पैसे तिच्या हातात असतात, मुले परवानगीसाठी तिच्याकडे जातात. तो चांगला होऊन येतो आणि महिन्याभरात सगळे पूर्ववत मागू लागतो. तिला ते द्यायचे नसते, आणि तिचे बरोबर असते. पण ‘तुझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही’ हे ऐकून त्याचेही अवसान गळते. अशा वेळी समुपदेशकासमोर बसून टप्पे ठरवणे बरे. आधी बाजारहाट, मग वीजबिल, मग बँकेचे व्यवहार. विश्वास मागून मिळत नाही हे त्याला कळावे लागते आणि तो कधी ना कधी द्यायचा असतो हे तिला.

घसरण झाली तर? व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के जणांत ती होते असे अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन संस्था सांगते, आणि उच्च रक्तदाब किंवा दमा यांसारख्या दीर्घ आजारांत लक्षणे पुन्हा उसळण्याचे प्रमाण याहून कमी नसते. रक्तदाब वाढला म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही. औषध चुकले का, काय बिघडले, ते पाहतो. इथेही तेच पाहायचे. एकदा पाय घसरला म्हणजे सगळे केंद्रातले दिवस वाया गेले, हा समज दोन्ही बाजूंनी सोडला तर माणूस लवकर सांगतो आणि लवकर सावरतो. घसरण बाटलीच्या बऱ्याच आधी सुरू झालेली असते: सभा चुकू लागतात, जुने मित्र पुन्हा दिसू लागतात, ‘आता मी एखादा घेऊ शकतो’ अशी भाषा येते. या खुणा कोणत्या, हे तो चांगला असतानाच त्याच्याशी बोलून लिहून ठेवावे, म्हणजे वेळ येईल तेव्हा आपले बोलणे त्याला संशय वाटत नाही.

अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत घसरणीला वेगळाच धोका आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीची मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मादक पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट आढळला. उपचार केंद्रातून नुकत्याच आलेल्या माणसालाही हे लागू पडते. नॅलोक्सोन हे औषध वेळेत मिळाले तर अशा माणसाचा श्वास परत सुरू होऊ शकतो. ते कसे मिळवायचे व कसे द्यायचे, हे घरच्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे. अफूच्याच वर्गातली, पण उपचार म्हणून दिली जाणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे सुरू केल्यावर ‘एक सोडवून दुसरे लावले’ अशी तक्रार करून ती बंद करायला लावणारे नातेवाईक भेटतात. ही औषधे तलफ आणि त्रास आवरून माणसाला कामावर जाण्याजोगे ठेवतात, अतिमात्रेचे मृत्यू कमी करतात, आणि ती किती काळ घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार घरच्यांचा नाही.

व्यसनी माणूस स्त्री असेल तर वर लिहिलेल्या सगळ्या गोष्टी दुपटीने अवघड होतात. पुरुषाच्या उपचाराला बायको येते, आई येते. बाईला अनेकदा एकटीनेच यावे लागते, आणि घरचे उपचारापेक्षा गुपित राखण्यावर अधिक शक्ती खर्च करतात. तिच्याकडून सगळ्यात आधी मुले काढून घेण्याची धमकी दिली जाते, म्हणून ती सर्वांत शेवटी मदत मागते.

आता घरच्यांविषयी. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन येथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची स्वमदत संघटना सुरू झाली, तेव्हा सभेला आलेल्यांच्या बायका बाहेर बसून आपापसांत बोलू लागल्या. त्यांतूनच पुढे १९५१ साली अल-अनॉन ही कुटुंबीयांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. संस्थापकांपैकी एकाची पत्नी लोइस विल्सन तिच्या प्रवर्तकांपैकी होती. तिथे तीन वाक्ये शिकवली जातात: हे मी घडवलेले नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे बरे करणे माझ्या हातात नाही. सभेत पहिल्यांदा हे ऐकताना आयांचे चेहरे मी पाहिले आहेत. ‘माझ्या लाडांमुळेच झाले’ हे ओझे त्या वर्षानुवर्षे वाहत असतात. अशा गटात जाणे, आपली झोप, औषधे, नोकरी, मैत्रिणी पुन्हा सुरू करणे, हे स्वार्थीपणाचे लक्षण नव्हे. ज्या दिवशी बायकोचा सगळा दिवस त्याच्या पिण्या-न पिण्याभोवती फिरणे थांबते, त्या दिवसापासून तिचे बोलणे त्याला निराळे ऐकू येऊ लागते. मुलांनाही वयाला साजेल इतके खरे सांगावे: बाबांना आजार आहे, तो तुमच्यामुळे झालेला नाही, उपचार चालू आहेत, आणि घाबरलात तर अमक्या मावशीला फोन करायचा. मुलांना सगळे कळत असते. आपण गप्प राहिलो की त्याचे कारण ती स्वतःत शोधू लागतात.

मारहाण होत असेल तर मात्र वरचे सगळे नियम बाजूला ठेवावेत. तिथे संवाद, नोंदी, योग्य वेळ यांपैकी काही नाही. आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. एक पिशवी भरलेली असावी, कागदपत्रे हाताशी असावीत, कोणाकडे जायचे ते ठरलेले असावे आणि पोलिसांना बोलावताना संकोच नसावा. दारू सुटली की मारणेही सुटेल, असे गृहीत धरू नये. काही घरांत ते सुटत नाही. त्याने जीव देण्याची भाषा केली तर ‘धमकी आहे’ म्हणून सोडून न देता सरळ विचारावे, त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे.

आणि सगळे करूनही तो उपचाराला तयार झाला नाही, तरी घरच्यांनी समुपदेशकाकडे जाणे सुरू ठेवावे. त्यासाठी रुग्ण सोबत असण्याची गरज नसते, आणि ‘पेशंट कुठे आहे?’ असे विचारून कुटुंबीयांना परत पाठवणाऱ्या उपचार केंद्रांनी आपली ती पद्धत बदलावी.

आपली विश्वासू,
एक कुटुंब-समुपदेशक